विश्लेषण : रॉक रेडिओला पुन्हा गर्दी जमेल का? ॲलन फ्रीड यांची कहाणी काय सांगते?

हवे ते गाणे हवे तेव्हा मोबाइलवर मिळत असताना रॉक संगीत लावणाऱ्या रेडिओकडे मोठा श्रोतावर्ग वळेल का, हा प्रश्न अमेरिकेतील रेडिओ उद्योगाला गेली काही वर्षे सतावतो आहे. बॉस्टन शहरातील ‘डब्ल्यूबीसीएन’ हे गाजलेले रॉक केंद्र २००९ मध्ये बंद झाले. त्याच शहरातील ‘डब्ल्यूएएएफ’ २०२० मध्ये एका ख्रिस्ती प्रसारण संस्थेने विकत घेतले. पण या संगीताला रेडिओवर मुळात गर्दी जमली कशी? त्याचे उत्तर ॲलन फ्रीड या निवेदकाच्या आयुष्यात सापडते. रॉक रेडिओ पुढे का ओसरला, याचा धागाही तिथेच आहे.

ॲलन फ्रीड कोण होते?

फ्रीड यांचा जन्म १५ डिसेंबर १९२१ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील विंडबर येथे झाला. लहानपणीच कुटुंब ओहायोतील सेलम गावात आले. शाळेत असताना ते बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत. वादक होण्याचे स्वप्न पूर्ण झाले नाही, तेव्हा ते रेडिओकडे वळले. छोट्या केंद्रांवर बातम्या, खेळांचे वर्णन, शास्त्रीय संगीत असे मिळेल ते काम त्यांनी केले. ॲक्रन शहरातील ‘डब्ल्यूएकेआर’ केंद्रावर त्यांचे नाव झाले आणि तेथून ते क्लीव्हलँडला आले.

वेगळे संगीत लावायची कल्पना कोणाची?

क्लीव्हलँडमध्ये लिओ मिंट्झ यांचे रेकॉर्डचे दुकान होते. कृष्णवर्णीय कलाकारांच्या ‘रिदम अँड ब्लूज’च्या रेकॉर्ड गोरी मुलेही घेऊ लागल्याचे त्यांच्या लक्षात आले. हे संगीत मोठ्या केंद्रांवर क्वचितच लागे. मिंट्झ यांनी रात्रीच्या कार्यक्रमाचे प्रायोजकत्व देऊ केले आणि जुलै १९५१ मध्ये ‘डब्ल्यूजेडब्ल्यू’ केंद्रावर ‘मूनडॉग’ या नावाने फ्रीड यांचा कार्यक्रम सुरू झाला.

फ्रीड गाणे वाजत असताना टेबलावर ताल धरत, ओरडत, श्रोत्यांशी घरच्यासारखे बोलत. तोपर्यंत निवेदकाने गंभीर, घोटीव आवाजात बोलावे अशी अपेक्षा असे. वेळही त्यांच्या पथ्यावर पडली. एएम रेडिओच्या लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. शिवाय त्या वेळी मुले आपापल्या खोलीत एकटी रेडिओ ऐकत असत.

क्लीव्हलँडमध्ये २१ मार्च १९५२ रोजी काय घडले?

हा श्रोतावर्ग किती मोठा आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा दिसले. फ्रीड आणि मिंट्झ यांनी क्लीव्हलँड अरेना येथे ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’ आयोजित केला. सभागृहाची क्षमता सुमारे १० हजारांची. प्रत्यक्षात सुमारे २० हजार लोक आल्याचे सांगितले जाते. तिकिटे क्षमतेपेक्षा जास्त विकली गेली होती, बनावट तिकिटांचीही भर पडली. दारे तुटली आणि अधिकाऱ्यांनी कार्यक्रम सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळात थांबवला. अनेक इतिहासकार हा जगातील पहिला रॉक कॉन्सर्ट मानतात. या गर्दीसाठी जाहिरातीचे मुख्य साधन होते फ्रीड यांचा रेडिओ कार्यक्रम.

न्यूयॉर्कमध्ये काय बदलले?

फ्रीड १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘विन्स’ केंद्रावर गेले. तेथे रस्त्यावर वादन करणारे मूनडॉग नावाचे एक संगीतकार आधीपासून होते. त्यांनी दावा दाखल केला आणि तो जिंकला. फ्रीड यांना कार्यक्रमाचे नाव बदलून ‘रॉक अँड रोल पार्टी’ ठेवावे लागले. हे शब्द कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत पूर्वीपासून होते. संगीतप्रकाराचे नाव म्हणून ते घरोघरी पोहोचवण्यात मात्र फ्रीड यांचा वाटा मोठा आहे.

त्या काळी कृष्णवर्णीय गायकाचे गाणे चालले की तेच गाणे गोऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन बाजारात आणले जाई. मोठी केंद्रे ही दुसरी आवृत्ती लावत. फ्रीड मूळ रेकॉर्ड लावत. लिटल रिचर्ड, चक बेरी यांच्यासारख्या कलाकारांना त्याचा थेट फायदा झाला. त्यांच्या कार्यक्रमांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकाच सभागृहात नाचत. यामुळे त्यांना शत्रूही मिळाले. १९५७ मध्ये ‘एबीसी’ वाहिनीवरील त्यांच्या कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा कृष्णवर्णीय किशोर गायक एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेकडील केंद्रांनी आक्षेप घेतला आणि लवकरच कार्यक्रम बंद पडला. मे १९५८ मध्ये बॉस्टनमधील कार्यक्रमानंतर हिंसाचार झाला. दंगलीला चिथावणी दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. त्यांनी ‘विन्स’ सोडले आणि ते ‘डब्ल्यूएबीसी’वर गेले.

‘पेओला’ प्रकरण काय होते?

गाणे लावण्यासाठी रेकॉर्ड कंपन्यांनी निवेदकांना पैसे किंवा भेटी देण्याच्या प्रथेला ‘पेओला’ म्हणत. १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याची चौकशी सुरू केली. ‘डब्ल्यूएबीसी’ने फ्रीड यांना आपण कधी असे पैसे घेतले नाहीत, असे लिहून देण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्यांची नोकरी गेली.

फ्रीड निर्दोष होते, असे म्हणता येत नाही. चक बेरी यांच्या १९५५ च्या ‘मेबलीन’ या गाण्याचे सहलेखक म्हणून त्यांचे नाव लागले होते. गाण्याच्या लेखनात त्यांचा काही भाग नव्हता, पण मानधनात वाटा मिळत होता. बेरी यांना त्या गाण्याचे पूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ उजाडले. ज्या कलाकारांसाठी फ्रीड यांनी दारे उघडली, त्यांच्याच कमाईत ते वाटेकरी झाले होते.

दुसरीकडे, टीव्हीवरील लोकप्रिय सूत्रसंचालक डिक क्लार्क यांचेही संगीत व्यवसायात हितसंबंध होते. त्यांनी ते विकून टाकले आणि त्यांची कारकीर्द वाचली. फ्रीड यांनी १९६२ मध्ये व्यावसायिक लाचखोरीच्या दोन आरोपांत गुन्हा कबूल केला. दंड झाला ३०० डॉलर आणि तुरुंगवासाची शिक्षा स्थगित राहिली. पण मोठ्या केंद्रांचे दरवाजे बंद झाले. लॉस एंजेलिस आणि मायामीत त्यांनी थोडा काळ काम केले. त्यानंतर करचुकवेगिरीचा आरोप झाला. दारूचे व्यसन वाढले होते. २० जानेवारी १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘विन्स’ने संगीत थांबवून २४ तास बातम्या सुरू केल्या.

रेडिओने यातून कोणता धडा घेतला?

१९६० मध्ये कायद्यात बदल होऊन, श्रोत्यांना न सांगता पैसे घेऊन गाणे लावणे हा गुन्हा ठरला. केंद्रांनी पुढे जाऊन गाणी निवडण्याचे काम निवेदकांकडून काढून व्यवस्थापनाकडे दिले. ठरलेल्या यादीतील गाणी फिरवत राहण्याची ‘टॉप फोर्टी’ पद्धत आधीपासून होती, ती आणखी पक्की झाली. लाचेची एक वाट अरुंद झाली, पण ओळखीचा माणूस स्वतः निवडून काही नवे ऐकवतो आहे, हे आकर्षणही गेले.

१९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘केएमपीएक्स’ या एफएम केंद्रावर टॉम डोनाह्यू यांनी निवेदकांना निवडीची मोकळीक परत दिली आणि एफएमवरील रॉकचा काळ सुरू झाला. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने हे चक्र उलटे फिरले. त्याआधी एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० केंद्रे ठेवता येत. ती मर्यादा हटली आणि ‘क्लिअर चॅनल’कडे १,२०० हून अधिक केंद्रे गेली. अनेक शहरांत एकसारख्या याद्या आणि आधी ध्वनिमुद्रित केलेले निवेदन ऐकू येऊ लागले.

मग आज गर्दी जमेल का?

जुन्या रॉकला आजही मोठा श्रोतावर्ग आहे. न्यूयॉर्कचे ‘क्यू १०४.३’ हे क्लासिक रॉक केंद्र अनेकदा शहरातील आघाडीच्या केंद्रांत असते. पण तेथे लागणारी बहुतेक गाणी काही दशके जुनी आहेत. फ्रीड यांनी जमवलेली गर्दी नव्या गाण्यांसाठी आली होती.

नव्या संगीतासाठी सिॲटलच्या ‘केईएक्सपी’कडे पाहता येईल. हे केंद्र मुख्यतः श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते आणि गाणी निवेदक स्वतः निवडतात. इंटरनेट आणि यूट्यूबमुळे त्याचे श्रोते जगभर आहेत. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातही त्याचे एफएम प्रसारण सुरू झाले. तेथे पैसा श्रोत्यांकडून येतो, त्यामुळे निवड निवेदकाच्या हाती ठेवणे सोपे जाते. फ्रीड यांच्याकडे निवडीचे स्वातंत्र्य होते, पण पैसा कुठून येतो यावर कोणाचे लक्ष नव्हते. रॉक रेडिओला पुन्हा मोठी गर्दी हवी असेल, तर या दोन्ही गोष्टी एकत्र जमवाव्या लागतील.

फ्रीड यांचा १९८६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या पहिल्याच तुकडीत समावेश झाला. १९९५ मध्ये उघडलेले त्याचे संग्रहालय क्लीव्हलँडमध्येच आहे.