स्वतःच्या पायांनी रुग्णालयात

क्लिफर्ड बिअर्स अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा पदवीधर. भावाला अपस्माराचे झटके येत. तोच आजार आपल्यालाही होणार, ही धास्ती त्याने घेतली. १९०० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला, पण पुढची तीन वर्षे मनोरुग्णालयांत गेली.

आजच्या भाषेत हा बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय विकार. आधी खोल नैराश्य. तो कोणाशी बोलेना. भेटायला येणारा भाऊ म्हणजे वेष पालटलेला गुप्त पोलीस, अशी त्याची खात्री होती. खरे-खोटे करण्यासाठी त्याने भावाला पत्र लिहिले आणि येताना तेच पत्र आणायला सांगितले. १९०२ च्या ऑगस्टमध्ये भाऊ पत्र घेऊन हजर झाला. भ्रम तिथेच गळून पडला. आपण बरे झालो, असे क्लिफर्डला वाटले. प्रत्यक्षात मन दुसऱ्या टोकाला गेले होते. झोप उडाली, भल्या मोठ्या योजना सुचू लागल्या, लिहायला कागद पुरेना. या विकाराची खरी मेख हीच: उन्मादात माणसाला आजारी नव्हे, नेहमीपेक्षा जास्तच निरोगी वाटते. त्याच काळात त्याला हातपाय जखडणारा सदरा, थंडगार कोठडी आणि सेवकांचा मार सोसावा लागला.

१९०३ मध्ये तो घरी आला, नोकरीलाही लागला. वर्षभरात उत्साह पुन्हा उसळू लागला. घरच्यांनी सावध केले तेव्हा त्याला ते पटणे अवघडच होते, कारण मनोरुग्णालये सुधारण्याचा त्याचा बेत वेडगळ नव्हता. तरीही जानेवारी १९०५ मध्ये तो आपणहून रुग्णालयात दाखल झाला आणि काही आठवड्यांनी परतला. बेत सोडला नाही. त्याच्या साऱ्या कामगिरीत हे पाऊल कदाचित सर्वांत अवघड असेल.

१९०८ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी पाठबळ दिले. आजार लपवला असता तर नोकरी-धंद्यात सोपे गेले असते. पण एकेकाळचा रुग्ण हीच ओळख घेऊन त्याने १९०९ मध्ये मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी केली. १९३० मध्ये वॉशिंग्टनला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीही त्याच्याच खटपटीतून.

१९३९ मध्ये तो पुन्हा रुग्णालयात गेला आणि १९४३ मध्ये तिथेच वारला. उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्यानंतर सहा वर्षांनी प्रसिद्ध केले.