रक्तातला जंत शोधणारा बिलहार्झ

थिओडोर बिलहार्झ हे नाव मी प्रथम वाचले ते एका रोगाचे नाव म्हणून. त्या नावाचा कोणी तरुण डॉक्टर होऊन गेला, हे पुष्कळ नंतर कळले.

जर्मनीतील झिगमारिंगेन येथे २३ मार्च १८२५ रोजी त्याचा जन्म झाला. ट्यूबिंगेनला वैद्यक शिकून १८५० मध्ये तो आपले गुरू ग्रीझिंगर यांच्याबरोबर इजिप्तला गेला. कैरोच्या कस्र-अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करीत असता १८५१ मध्ये त्याला यकृताकडे जाणाऱ्या शिरेच्या रक्तात पांढरे, लांबट जंत आढळले. नराच्या अंगाला पन्हळीसारखी घडी आणि तीत सामावलेली बारीक मादी! लघवीवाटे रक्त जाण्याची इजिप्तमधील जुनी व्याधी याच जंताची, हेही त्याने पुढे दाखविले. तो तेथेच शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. नाईलमधल्या विजेचा झटका देणाऱ्या माशावरही त्याने लिहिले. मसावाच्या प्रवासात जडलेल्या तापाने ९ मे १८६२ रोजी कैरोत त्याचा अंत झाला. वय अवघे ३७.

जंत शरीरात शिरतो कसा, हे कोडे त्याच्या हयातीत सुटले नाही. पाण्यातल्या गोगलगायीतून निघून तो माणसाच्या कातडीतून आत जातो, हे लायपर याने १९१५ मध्ये सिद्ध केले. आमच्या पार्से गावी लावणीला माणसे तासन्‌तास पाण्यात उभी असतात. नाईलकाठचा शेतकरीही तसाच उभा असे. (रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी या रोगाचा मूत्रमार्गाचा प्रकार १९५२ मध्ये नोंदला गेला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असावे.)

मला अधिक अस्वस्थ करते ती पुढची कथा. या जंताच्या एका जातीची अंडी यकृतात अडकतात. त्यांना आवरण्यात शरीराची संरक्षणव्यवस्था गुंतते आणि विषाणूग्रस्त पेशी मारणारी तिची दुसरी फळी दुबळी पडते. अशा माणसाला ‘सी’ प्रकारची कावीळ जडली, तर विषाणू आपोआप हटण्याची आशा कमी होते आणि यकृत लवकर निबर होते. हा विषाणू इजिप्तच्या खेड्यापाड्यांत पसरला तोही जंतावरच्या उपचारातूनच! १९५० नंतर सुमारे ३० वर्षे सरकारी मोहिमेत अँटिमनीची इंजेक्शने शिरेतून दिली गेली. त्याच सुया पुन्हा पुन्हा वापरल्या जात, आणि त्या नीट उकळल्या जात नसत. ‘सी’ विषाणूची ओळख पटली ती १९८९ मध्ये, मोहीम संपल्यावर. २०१८-१९ मध्ये इजिप्तने सुमारे ५ कोटी लोकांचे रक्त तपासले. आता तो रोग गोळ्यांनी बरा होतो. गिझा येथील बिलहार्झच्या नावाच्या संशोधनसंस्थेत जंतांबरोबर यकृताच्या विकारांचाही अभ्यास चालतो.