वासुदेव बळवंत फडकेंच्या विरोधात त्यांचीच डायरी पुरावा ठरली होती

पनवेलहून मुंबई-गोवा हायवेने निघालं की शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथलाच, ४ नोव्हेंबर १८४५ चा. पुढे ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले.

१८७६-७७ च्या दुष्काळात लोकांचे हाल बघून त्यांनी बंड करायचं ठरवलं. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांसोबत धामारीवर दरोडा टाकला, कारण बंडाला पैसा लागणार होता.

या सगळ्या धावपळीतही फडके लिहीत होते. डायरी होती, आत्मचरित्रही होतं. २० जुलै १८७९ ला ते पकडले गेले आणि खटल्यात सरकारने हेच लिखाण पुरावा म्हणून वापरलं. सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतलं, तरी जन्मठेप झालीच. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

आज अशी डायरी प्रत्येकाच्या खिशात आहे. फरक इतकाच, की फडके स्वतः लिहायचे, आपला फोन न सांगता लिहितो. एन्क्रिप्शनमुळे मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण अनलॉक केलेला फोन हातात पडला, की विषय संपला.

तरी फडकेंच्या मनात काय चाललं होतं, हे आज कळतं ते त्याच कागदांमुळे.