पावट्यातले रसायन आणि कमलाबाई

कोल्हापूरकडे थंडी पडली की मंडईत पावटा दिसू लागतो. वाळलेला असेल तर रात्री भिजत घालायचा, सकाळी सोलायचा आणि मऊ शिजवूनच आमटी करायची, हे आजीकडून आलेले शास्त्र. कच्चा पावटा पचायला जड का, याचे एक उत्तर मुंबईच्या प्रयोगशाळेत एका मराठी बाईंनी दिले. त्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवत आपल्याला लेखिका म्हणून ठाऊक आहेत. कमलाबाई त्यांच्या धाकट्या भगिनी.

जन्म इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. 1933 साली बी.एस्सी. होऊन कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. हिने थेट बंगलोर गाठून सत्याग्रहाची भाषा केली! अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षेवर ठेवण्याच्या अटीने. तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत, आणि का विसरावा? वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला.

दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून त्या 1936 मध्ये एम.एस्सी. झाल्या आणि केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे आढळले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवणारे हे प्रथिन. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर 1939 साली पीएच.डी. मिळाली. त्या प्रथिनाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. माणूस आणि चिंपांझी यांच्यातील त्याच्या 104 कड्यांची साखळी तंतोतंत सारखी निघाली. तंतुकणिकेतून बाहेर पडलेले हेच प्रथिन पेशीला मरणाचा हुकूम देते, हे 1996 मध्ये दिसले. कर्करोगाच्या संशोधनात आज त्याचा सतत विचार होतो.

परदेशात राहणे शक्य असताना त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईचे विज्ञान संस्थेतील जीवरसायन विभाग. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसह वाल-पावट्यातून एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे काढले. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन आपण खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करते. हे प्रथिन त्या ट्रिप्सिनचेच हात बांधून ठेवते. नीट शिजवले की त्याचा जोर बराचसा ओसरतो. आजी म्हणजे चुकत नव्हती.

नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना स्वस्तात पोषण कसे मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. संस्थेचे संचालकपद चार वर्षे लांबले, तरी त्या काम करीत राहिल्या. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत उतरून अन्नातल्या भेसळीवर लिहू लागल्या.

पुढे दिल्लीत त्यांचा जाहीर सत्कार ठरला. त्या समारंभातच त्या कोसळल्या. 1998 साली त्यांचे निधन झाले.