एडाबाईंची टिपणे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा गावापासून लांब होती, म्हणून ती सुटली. मंडळाच्या भिशीचा हिशेब लिहिते, तेवढाच माझा लेखणीशी संबंध. परंतु माझी मुलगी कॉलेजात संगणक शिकते. तिच्याकडून मला इंग्लंडातील एका बाईंची ओळख झाली, आणि तेव्हापासून ती बाई माझ्या मनातून जाईना. तिचीच हकिकत भगिनींना सांगते.

एडाचा जन्म 10 डिसेंबर 1815 रोजी लंडनला झाला. वडील म्हणजे प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. मूल महिन्याचे होते न होते तोच आईबाप विभक्त झाले. वडील 1816 साली देश सोडून गेले ते परत आले नाहीत. 1824 साली ग्रीसमध्ये वारले. मुलीने बापाच्या लहरी स्वभावावर जाऊ नये, म्हणून आईने तिला लहानपणापासून गणिताला जुंपले. बाराव्या वर्षी या पोरीच्या डोक्यात उडण्याचे वेड शिरले. पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करून तिने वाफेवर उडणाऱ्या घोड्याची कल्पना आईला पत्रातून कळवली. पुढे 1829 साली गोवर झाला, पाय लुळे पडले आणि बराच काळ अंथरुणात गेला. तरी पुस्तक काही सुटले नाही.

सतराव्या वर्षी, 1833 साली, तिला चार्ल्स बॅबेज हे गणिती भेटले. त्यांनी आकडेमोड करणाऱ्या यंत्राचा एक भाग बनवला होता. आलेले लोक त्याकडे नवलाने पाहत. एडा मात्र ते चालते कसे हे समजून घेत होती. नंतर बॅबेजसाहेबांनी त्याहून मोठे ॲनॅलिटिकल इंजिन योजले. त्यात आकडे साठवण्याचे एक कोठार, आणि आकडेमोड करणारी, आपल्या जात्यासारखी, एक गिरणी. हुकूम द्यायचे भोके पाडलेल्या पत्त्यांनी, जसे जॅकार्डच्या मागावर नक्षीसाठी देतात तसे.

1835 साली एडाचे लग्न झाले, तीन मुले झाली. पती 1838 साली लव्हलेसचे अर्ल झाले. घर मोठे, प्रकृती नाजूक. तरी तिने ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे गणिताचा अभ्यास केला. हे डी मॉर्गन आपल्याकडच्या मदुराईला जन्मलेले. 1842 साली मेनाब्रेआ नावाच्या इटालियन गृहस्थांनी या यंत्रावर फ्रेंच लेख लिहिला. एडाने तो इंग्रजीत आणला, आणि बॅबेजसाहेबांच्या सूचनेवरून त्याला स्वतःची टिपणे जोडली. टिपणे मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाली! 1843 साली ती छापली गेली, तेव्हा थोरला मुलगा सात वर्षांचा होता आणि धाकटा चारचा.

शेवटच्या टिपणात यंत्राने एक अवघड गणित कसे सोडवावे, हे पायरीपायरीने मांडले होते. आपण स्वेटर विणताना दोन सुलट, दोन उलट, ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून, असे लिहून ठेवतो ना? तसेच ते. काही बीजगणित बॅबेजसाहेबांनी करून दिले. त्यातली मोठी चूक एडाने पकडली, असे त्यांनीच पुढे लिहिले. या कामात कोणाचा वाटा किती, यावर विद्वान अजून वाद घालतात. पण आणखी एक गोष्ट तिने टिपणांत मांडली. स्वरांचे नाते आकड्यांसारखे मांडता आले, तर हे यंत्र संगीतही रचील, असे तिने लिहिले. मात्र यंत्र आपण सांगू तेवढेच करील, स्वतः नवे काढणार नाही, असेही बजावले. या मताला ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने 1950 साली लेख लिहून उत्तर दिले. आता मुलीच्या मोबाइलमधून गाणे वाजते तेव्हा मला एडाच आठवते.

दोषही सांगितले पाहिजेत. पुढे तिला घोड्यांच्या शर्यतींचा नाद लागला, कर्ज झाले. गर्भाशयाच्या कर्करोगाने 27 नोव्हेंबर 1852 रोजी, वडिलांप्रमाणेच छत्तिसाव्या वर्षी, ती गेली. हकनॉल येथे वडिलांशेजारी तिला पुरले. ते यंत्र काही पुरे झाले नाही. पुढे अमेरिकेत एका संगणकभाषेला एडा हे नाव मिळाले.

छापलेल्या टिपणांखाली मात्र तिचे नाव नव्हते, केवळ आद्याक्षरे होती. हे वाचले आणि मी उठून भिशीची वही उघडली. माझ्या हाताच्या कितीतरी पानांखाली मीही नुसते एक अक्षर टाकले आहे. भगिनींनो, यंत्र झाले नाही, तरी कल्पना कागदावर उतरली म्हणून टिकली. आपल्यापैकी कितीजणींच्या डोक्यात चांगल्या युक्त्या येतात आणि भांडी घासता घासता वाहून जातात! मंडळाच्या कपाटात मी एक कोरी वही ठेवली आहे. जे सुचेल ते तीत लिहावे, आणि खाली आपले पूर्ण नाव घालावे, एवढीच विनंती.