भुसावळच्या मातींतील चित्रकार : मेजर रॉबर्ट गिल

आमच्या पॅरिशच्या या ज्युबिली-अंकांत दफनभूमीसंबंधीं चार शब्द यावे, असें पुष्कळांनीं सुचविलें. परंतु ज्यांचीं नांवें आपण दर वर्षीं नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस प्रार्थनेंत उच्चारतों, त्यांचीं चरित्रें घरोघर ठाऊकच आहेत. म्हणून नांव सर्वांच्या परिचयाचें, पण थडगें फारच थोड्यांनीं पाहिलेलें, अशा एका पुरुषाची हकीकत आम्हीं येथें देण्याचें योजिलें आहे. हें थडगें आपल्याच जिल्ह्यांत, भुसावळ येथें आहे. मेजर रॉबर्ट गिल हे रोमन कॅथलिक नव्हते. तथापि मृतांस पुरणें हें दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकीं एक आहे, आणि पुरलेल्यांची आठवण ठेवणें हें त्याच्या अगदीं जवळचें आहे.

गिल यांचा जन्म इ. स. १८०४ सालीं इंग्लंडांत झाला. ऐन तारुण्यांत ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासी फौजेंत दाखल झाले. शिपाईगिरी करीत असतां त्यांच्या हातीं चित्रकलेचा गुण आहे, हें वरिष्ठांच्या ध्यानांत आलें असावें.

अजिंठ्याचीं लेणीं १८१९ सालीं त्याच मद्रासी फौजेंतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलीं, हें बहुश्रुत वाचकांस सांगावयास नको. पुढें जेम्स फर्ग्युसन या विद्वानानें १८४३ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें या लेण्यांविषयीं निबंध वाचला. भिंतींवरील चित्रें झपाट्यानें नष्ट होत आहेत, तेव्हां निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्या, असा विचार त्यांतून बळावला. कंपनीच्या डायरेक्टरांस तो पटला व १८४४ सालीं हें काम गिल यांजकडे सोंपविण्यांत आलें.

त्या वेळचा अजिंठा म्हणजे निजामाच्या मुलखाच्या कडेचें रान. ज्या वाघूर नदीच्या कांठीं लेणीं कोरलेलीं आहेत, तीच पुढें घाट सोडून खानदेशांत उतरते व तापीस मिळते. आज जळगांवकर ज्या वाघूर धरणाचें पाणी पितात, तें त्याच नदीचें. परंतु गिलसाहेबांच्या काळीं त्या खोऱ्यांत वाघ होते, लेण्यांत वटवाघळें होतीं, आणि पावसाळ्यानंतर हिंवतापाची सांथ ठरलेली. अशा ठिकाणीं, अर्धवट अंधारांत, भल्या मोठ्या कापडावर तैलरंगांनीं पंधराशें वर्षांपूर्वींच्या चित्रांची नक्कल करीत या गृहस्थानें जवळजवळ वीस वर्षें घालविलीं. वीस वर्षें म्हणजे लहान मूल कर्ता पुरुष होण्याइतका काळ, हें वाचकांनीं मनांत आणावें.

याच काळांत पारो नांवाच्या स्थानिक स्त्रीशीं त्यांचा संबंध जडला. कविवर्य ना. धों. महानोर यांनीं १९८४ सालीं याच कथेवर दीर्घ काव्य लिहिलें व २०१२ सालीं तिचा चित्रपट झाला. त्यामुळें पुष्कळांस गिल ठाऊक आहेत ते पारोमुळेंच. काव्यांतलें सर्वच इतिहास म्हणून घेणें बरें नव्हे. गिल विवाहित होते. विवाहाच्या पावित्र्याविषयीं आपल्या मंडळीची शिकवण स्पष्ट आहे, व ती या ठिकाणीं झांकून ठेवण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. पण दुसरीहि एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. त्या काळीं अनेक साहेबांनीं एतद्देशीय स्त्रियांशीं संबंध ठेवले, आणि त्या स्त्रियांचें नांवहि कोठें उरलें नाहीं. पारो २३ मे १८५६ रोजीं वारली. तिच्यासाठीं गिल यांनीं अजिंठा गांवीं थडगें बांधविलें, तिचें नांव दगडावर कोरविलें, ती आपली प्रिय होती असें लिहविलें, आणि मृत्यूची तारीख घातली. हा संबंध त्यांनीं लपविला नाहीं.

आतां त्यांच्या कामाचें काय झालें तें पाहूं. नकला लंडनास रवाना होत व तेथें सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या जात. १८६६ च्या डिसेंबरांत त्या इमारतीस आग लागली आणि जवळजवळ सर्व नकला जळून गेल्या. ज्या तेथें टांगलेल्या नव्हत्या, अशा चार-पांचच वांचल्या. त्या लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्यें आहेत. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून विद्यार्थ्यांसह तेंच काम नव्यानें हातीं घेतलें. त्यांच्याहि अनेक नकला १८८५ सालीं लंडनांतच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या! जीं चित्रें ओलसर डोंगरांत टिकून राहिलीं, त्यांच्या नकला राजधानींतील इमारतींत जळाव्या, याचें नवल वाटतें.

सुदैवानें गिल यांनीं छायाचित्रणाची कलाहि आत्मसात केली होती. त्यांनीं घेतलेलीं ७४ छायाचित्रें फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. लेण्यांच्या खांबांची व कमानींची त्या वेळची स्थिति आज आपणांस कळते ती यामुळें. रंग मात्र गेले ते गेलेच.

त्यांचा शेवट याच मुलखांत झाला. आगगाडी येण्यापूर्वीं भुसावळ हें लहानसें गांव होतें, जी. आय. पी. रेल्वेनें तेथें जंक्शन केलें आणि नागपूरचा व जबलपूरचा असे दोन्ही फांटे तेथून फुटूं लागल्यावर गोऱ्या व अँग्लो-इंडियन लोकांची मोठी वस्ती झाली. जेथें वस्ती तेथें दफनभूमि ओघानें आलीच. १८७९ च्या एप्रिलांत, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, मेजर गिल भुसावळ येथें वारले व तेथेंच त्यांस माती देण्यांत आली. पारोचें थडगें घाटावर राहिलें, यांचें घाटाखालीं.

आमच्या तरुण मंडळीस एक काम सांगावयाचें आहे. दगडावरील अक्षरेंहि ऊन-पावसानें झिजतात. भुसावळास आपले पुष्कळ आप्त आहेत. तिकडे जाल तेव्हां दफनभूमींत जाऊन गिल यांच्या व आसपासच्या जुन्या थडग्यांवरील मजकूर जसाच्या तसा वहींत उतरून घ्यावा, छायाचित्रें घ्यावीं, आणि आपल्या येथील जुन्या दगडांचेंहि तसेंच करावें. वहीच्या दोन प्रती कराव्या. एक पॅरिशच्या दफ्तरांत ठेवूं. दुसरी मात्र दुसऱ्या इमारतींत.