अलीपूरच्या कोठडीतील योगसाधना

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योगाभ्यासाचे स्थान कसे असावे आणि आसन कसे मांडावे, हे अर्जुनास सांगितले आहे. स्थान पवित्र असावे. आसन फार उंच नसावे, फार सखलही नसावे. खाली दर्भ, त्यावर मृगाजिन आणि त्यावर वस्त्र अंथरावे. हे वाचून गृहस्थाश्रमी साधकाच्या मनात बहुधा असा विचार येतो, की आपल्या घरात असे स्थान नाही आणि असा एकांतही नाही, तेव्हा योग हा आपल्यासाठी नव्हेच. ज्या महापुरुषाचे चरित्र येथे द्यावयाचे आहे, त्यांना एकांत मिळाला तो इंग्रज सरकारच्या कृपेने, आणि आसन मिळाले ते तुरुंगातील दोन कांबळ्यांचे.

श्रीअरविंद घोष यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, थिएटर रोडवर बॅरिस्टर मनमोहन घोष यांच्या घरी झाला. वडील कृष्णधन घोष हे विलायतेत शिकून आलेले सरकारी डॉक्टर. मुलांना देशी भाषेचा आणि देशी आचाराचा वाराही लागू नये, असा त्यांचा कटाक्ष. त्यामुळे अरविंद पाच वर्षांचे असतानाच दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंट शाळेत गेले आणि १८७९ साली भावांसह इंग्लंडला रवाना झाले. तेथे चौदा वर्षे गेली. ग्रीक व लॅटिन भाषांत त्यांनी केंब्रिजमध्ये मोठे यश मिळविले. सनदी नोकरीची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले, परंतु घोड्यावर बसण्याच्या अखेरच्या कसोटीस ते उतरले नाहीत व नोकरी हुकली. १८९३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईस उतरले तेव्हा हा बंगाली तरुण आपली मातृभाषाही धडपणे जाणत नव्हता. इकडे वडिलांना मुलाचे जहाज बुडाल्याची खोटी वार्ता कळली होती आणि त्या धक्क्याने त्यांचा अंत झाला होता.

पुढील तेरा वर्षे श्रीअरविंद बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. संस्कृत, बंगाली, मराठी आणि गुजराती या भाषा ते तेथेच शिकले. रामायण, महाभारत, गीता व उपनिषदे त्यांनी मुळातून वाचली ती प्रौढ वयात, स्वतःच्या परिश्रमाने. लहानपणी परवचा म्हणून जे आपल्या ओठांवर असते, ते या पुरुषास विशी उलटल्यावर कमवावे लागले. त्यांचा स्नेही परिवार बहुतांशी महाराष्ट्रीय होता. केंब्रिजचे मित्र केशवराव देशपांडे आणि खासेराव व माधवराव जाधव हे बंधू त्यांच्या घरच्यासारखे होते.

योगाकडे ते वळले ते मोक्षाच्या इच्छेने नव्हे. देश पारतंत्र्यात आहे, त्याच्या सुटकेसाठी बळ हवे, आणि योगाने बळ मिळते असे दिसते, तर ते का मिळवू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र विंध्याच्या अरण्यातून हट्टी ज्वर घेऊन आले, तेव्हा एका नागा साधूने पेल्यातील पाणी मंत्र म्हणत सुरीने आडवे-उभे कापून त्यांना पाजले आणि ज्वर उतरला. हा प्रकार श्रीअरविंदांच्या डोळ्यांसमोर घडला. अशा गोष्टींवर किती भार द्यावा, हे ज्याने त्याने ठरवावे. त्यांच्या मनावर मात्र परिणाम झाला. १९०४ च्या सुमारास देवधर नावाच्या बडोद्यातील एका इंजिनिअरांकडून त्यांनी प्राणायामाची रीत समजून घेतली. हे देवधर नर्मदातीरीच्या स्वामी ब्रह्मानंदांचे शिष्य होते. सकाळी तीन तास आणि सायंकाळी दोन तास, असा क्रम सुरू झाला. प्रकृती सुधारली, बुद्धी तरतरीत झाली आणि काव्यरचना वाहत्या पाण्यासारखी होऊ लागली. परंतु याच्या पलीकडे काही घडेना.

१९०६ साली बडोदे सोडून ते कलकत्त्यास आले. बंगालच्या फाळणीने प्रांत पेटला होता. नव्याने निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि ‘वंदे मातरम्’ पत्राचे लेखन, असे दुहेरी काम त्यांच्या शिरावर आले. सभा, जागरणे आणि प्रवास यांत प्राणायामाचा नियम मोडला. कधी करावा, कधी सोडावा, असे होऊ लागले आणि त्याच वर्षी ते अशा दुखण्याने पडले की जिवावरच बेतले. अनियमित प्राणायाम हेच त्या दुखण्याचे कारण, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. हल्ली पुस्तकावरून कुंभक करू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. आसने एक वेळ थोडी चुकली तर अंग दुखते. श्वासाशी केलेला खेळ तितक्यावर सोडीत नाही.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस फुटली. तेथून श्रीअरविंद बडोद्यास गेले आणि तेथे त्यांची विष्णु भास्कर लेले यांच्याशी गाठ पडली. लेले दत्तभक्त होते आणि चरितार्थासाठी नोकरी करणारे साधे गृहस्थ होते. मठ नाही, गादी नाही, भगवी वस्त्रेही नाहीत. युरोपातील विद्या पचविलेला आणि देशभर नाव झालेला पुढारी अशा माणसासमोर शिष्य म्हणून बसला, ही गोष्ट लहान नव्हे. शहरात त्यांच्या दर्शनासाठी झुंबड उडाली असता सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या खोलीत दोघे दार लावून बसले. लेल्यांनी सांगितलेली युक्ती अगदी थोडी होती. विचार मनात उत्पन्न होतो असे वाटते, पण नीट पाहिले तर तो बाहेरून येत असतो. तो आत शिरण्यापूर्वीच त्यास परतवावे. विचार बाहेरून येतो ही कल्पनाच श्रीअरविंदांना नवी होती. त्यांनी वाद घातला नाही; बसले आणि पाहू लागले. तीन दिवसांत मन निःशब्द झाले.

यात एक मौज अशी, की लेले स्वतः सगुणाचे उपासक होते आणि शिष्यास इष्टदेवतेचा साक्षात्कार व्हावा अशी त्यांची अपेक्षा होती. झाले ते निराळेच. सारे जग चित्रपटाप्रमाणे रिते दिसू लागले आणि निर्गुण, शांत ब्रह्माचा अनुभव आला. त्याच अवस्थेत १९ जानेवारी १९०८ रोजी त्यांना मुंबईच्या सभेत भाषण करावयाचे होते. मनात शब्द एकही नाही. लेल्यांनी सांगितले, की श्रोत्यांना नमस्कार करून वाट पाहावी. बोलणे आपोआप येईल. तसेच झाले. निरोपाच्या वेळी, अंतर्यामी जो प्रेरणा देतो त्याच्यावरच सर्व भार टाकावा, असा अखेरचा उपदेश त्यांनी केला.

थोड्याच दिवसांनी लेले कलकत्त्यास आले. माणिकतळ्याच्या बागेत बारींद्र व त्यांचे तरुण सोबती बाँब तयार करीत होते. या मार्गाने यश नाही, चित्तशुद्धीवाचून हे सारे खड्ड्यात नेईल, असा इशारा लेल्यांनी त्यांना दिला. तो कोणी मानला नाही. श्रीअरविंदांना त्यांनी विचारले, की सकाळ-सायंकाळ ध्यानास बसता की नाही. उत्तर नकारार्थी आले. ध्यान दिवसभर आतून चालूच असल्यामुळे निराळे बसणे त्यांनी सोडले होते, परंतु हे त्यांनी सांगितले नाही. शिष्य भलत्याच शक्तीच्या हाती गेला असे लेल्यांना वाटले, आणि तेथे गुरुशिष्यांचा मार्ग वेगळा झाला. दोघांच्याही मनात कटुता राहिली नाही, आणि लेल्यांविषयीची कृतज्ञता श्रीअरविंदांनी अखेरपर्यंत जपली.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फुटला आणि त्यात दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. २ मे रोजी पहाटे पोलिसांनी ग्रे स्ट्रीटवरील घरास वेढा घालून श्रीअरविंदांना पकडले. हातात बेड्या, कमरेला दोर. झडतीत एका खोक्यात थोडी माती सापडली. ती दक्षिणेश्वरची, श्रीरामकृष्णांच्या स्थानाची माती होती. पण ते एखादे भयंकर रसायन असावे असा संशय घेऊन पोलीस अधिकारी ती पुन्हा पुन्हा न्याहाळीत राहिला. ५ मे रोजी त्यांना अलीपूरच्या तुरुंगात नेण्यात आले.

कोठडी नऊ फूट लांब आणि पाच-सहा फूट रुंद. खिडकी नाही, पुढे लोखंडी गज. वैशाखाचा उन्हाळा, दोन कांबळी आणि पाण्याची एक बादली. एकच वाटी, तिनेच शौचाचे पाणी घ्यावयाचे, तिनेच तोंड धुवावयाचे, तिच्यातच डाळ आणि तिच्यातूनच पाणी प्यावयाचे. कोपऱ्यात डांबर फासलेल्या टोपल्या, त्याच शौचासाठी. सकाळी लपशी नावाची भाताची पेज. सोवळेओवळे मानणाऱ्या गृहस्थास हे वाचूनच किळस येईल. श्रीअरविंदांनी मात्र नंतर या वाटीचे वर्णन मोठ्या विनोदाने केले आहे.

प्रथम विनोद सुचत नव्हता. बडोद्यात ज्याचे मन तीन दिवसांत निःशब्द झाले, तोच साधक येथे ध्यानास बसला असता बसू शकेना. अटकेपूर्वी महिनाभर आधी त्यांना आतून प्रेरणा झाली होती, की सर्व व्याप टाकून एकांतात जावे. हातातील काम प्रिय म्हणून त्यांनी ती मानली नव्हती. आता श्रद्धा डळमळू लागली. वाचावयास काही नाही, बोलावयास कोणी नाही. विचार सैरावैरा धावू लागले, आणि एके दिवशी आपण वेडे तर होणार नाही ना, अशी शंका त्यांना आली. इटलीच्या राजाचा वध करणाऱ्या ब्रेस्कीस एकांतवासात ठेवले होते, त्याची त्यांना आठवण झाली. अर्जुनाने मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण म्हटले, ते रणांगणावर, प्रत्यक्ष भगवंत समोर असताना. येथे तर चार भिंती होत्या. त्यांनी व्याकुळ होऊन प्रार्थना केली. त्यानंतर चित्तावर जो गारवा पसरला तो पुढे टिकला, आणि एकांताची भीती गेली ती गेलीच.

काही दिवसांनी घरून पुस्तके मागविण्याची परवानगी मिळाली. मावशीचे यजमान कृष्णकुमार मित्र यांच्याकडून त्यांनी गीता आणि उपनिषदे आणविली. गीता त्यांनी पूर्वी वाचली नव्हती असे नाही. परंतु आता ती वाचून ठेवण्याची गोष्ट राहिली नाही. रागद्वेष सोडून, फळाची इच्छा न धरता कर्म करणे म्हणजे काय, याचा अभ्यास त्या कोठडीत सुरू झाला. डॉक्टरांच्या शिफारसीने सकाळ-सायंकाळ बाहेर फिरण्याची मुभा मिळाली. एका टोकास तुरुंगाचा कारखाना, दुसऱ्या टोकास गोठा. एवढ्या अंतरात ते उपनिषदांतील मंत्र म्हणत येरझारा घालीत आणि दिसेल त्या वस्तूत नारायण पाहण्याचा प्रयत्न करीत. कैदी, गाय, झाड, भिंत, पक्षी. पुढे प्रयत्नाची गरज उरली नाही. उंच भिंत ही भिंत न राहता वासुदेवाने घातलेला वेढा झाली. समोरचे झाड, गज, अंगाखालची कांबळी आणि पहारेकरी, सर्वत्र तोच दिसू लागला. सातव्या अध्यायात भगवंतांनी ज्यास अत्यंत दुर्लभ महात्मा म्हटले आहे, त्याची दृष्टी ही. दरोड्याच्या आरोपावरून दहा वर्षांची सजा भोगणाऱ्या एका निरक्षर खेडुताचा सोशिकपणा व दया पाहून, आपण त्याच्यापुढे उणे आहोत असे श्रीअरविंदांना मनापासून वाटले.

त्या काळात त्यांनी दहा दिवस उपवास करून पाहिला. वजन सुमारे दहा पौंड घटले, पण शक्ती घटली नाही. १९०२ मध्येच समाधिस्थ झालेल्या स्वामी विवेकानंदांचे मार्गदर्शन सुमारे पंधरवडाभर आपणांस लाभले, असेही त्यांनी सांगितले आहे. चमत्कार शोधणाऱ्यांना त्यांच्या तुरुंगवासात आणखी काही सापडेल. परंतु त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट निराळी आहे. मध्यंतरी सर्व आरोपींना एकत्र ठेवले होते. विशीतील पोरे; त्यांचा दंगा, गाणी आणि खेळ रात्रंदिवस चाले. श्रीअरविंद त्याच दालनाच्या कोपऱ्यात ध्यानास बसत. एकांतात जे साधले ते कोलाहलात टिकते की नाही, याची परीक्षा तेथे झाली. ३१ ऑगस्टला कन्हाईलाल दत्त व सत्येंद्रनाथ बसू यांनी माफीचा साक्षीदार नरेंद्र गोसाईं यास तुरुंगातच गोळ्या घातल्या, तेव्हा सर्वांना पुन्हा एकांत कोठड्यांत टाकण्यात आले.

खटला वर्षभर चालला. दोनशेहून अधिक साक्षीदार आणि हजारो कागद. आरोपी जाळीच्या पिंजऱ्यात. न्यायाधीश बीचक्रॉफ्ट हे सनदी परीक्षेत त्यांचे सहाध्यायी असून ग्रीक भाषेत त्यांच्या मागे दुसरे आले होते. सरकारी वकील नॉर्टन यांनी सारा कट श्रीअरविंदांभोवतीच रचला. बचावासाठी चित्तरंजन दास उभे राहिले आणि आपली चालती वकिली व प्रकृती यांची पर्वा न करता कित्येक महिने त्यांनी याच कामास दिले. श्रीअरविंदांनी त्यांच्यासाठी टिपणे लिहावयास घेतली होती. पण ते सर्व त्यांच्यावर सोपवावे अशी आतून आज्ञा झाली, आणि मग त्यांनी खटल्याकडे लक्षच दिले नाही. फाशीची शक्यता डोक्यावर असताना ते पिंजऱ्यात डोळे मिटून बसत. ६ मे १९०९ रोजी ते निर्दोष सुटले. बारींद्र व उल्लासकर दत्त यांना फाशीची शिक्षा झाली. ती अपिलात काळ्या पाण्यावर आली.

३० मे १९०९ रोजी गंगेकाठच्या उत्तरपाडा गावी धर्मरक्षिणी सभेत त्यांनी जे भाषण केले, त्यात तुरुंगातील हा अनुभव प्रथमच उघड सांगितला. राजकीय गर्जना ऐकण्यास आलेले अनेकजण चकित झाले असतील. त्यानंतर ‘कर्मयोगिन्’ आणि ‘धर्म’ ही पत्रे त्यांनी चालविली. १९१० च्या फेब्रुवारीत पुन्हा अटकेची वार्ता येताच अंतःप्रेरणेनुसार ते उठले, गंगेवर नाव केली आणि फ्रेंचांच्या चंद्रनगरास गेले. ४ एप्रिल रोजी ते पाँडिचेरीस पोहोचले आणि कलकत्त्यास पुन्हा कधीही आले नाहीत. अलीपुरात अभ्यासिलेल्या गीतेवर त्यांनी ‘आर्य’ मासिकात १९१६ ते १९२० या काळात प्रबंध लिहिले. आसनांचा आग्रह त्यांनी कोणास धरला नाही. स्वतः ते तासन्तास खोलीत येरझारा घालीत साधना करीत. तेथेच ५ डिसेंबर १९५० रोजी त्यांनी देह ठेवला.

एका व्यक्तीचा उल्लेख चरित्रकार बहुधा एक-दोन ओळींत उरकतात. १९०१ मध्ये कलकत्त्यात त्यांचा विवाह झाला तेव्हा मृणालिनी देवी १४ वर्षांच्या होत्या. ३० ऑगस्ट १९०५ च्या पत्रात पतीने त्यांना आपली तीन वेडे सांगितली होती: आपले धन देवाचे आहे म्हणून ते इतरांसाठी वेचावे, देवास प्रत्यक्ष पाहावे, आणि देश ही आई आहे असे मानून तिला सोडवावे, या मार्गावर सहधर्मिणी होशील का, असे त्यांनी विचारले होते. हे खासगी पत्र झडतीत पोलिसांच्या हाती लागले आणि भर न्यायालयात वाचले गेले. अटकेच्या पहाटे त्या त्याच घरात होत्या. पती योगी झाला. पत्नी माहेरी राहिली, जपध्यान करीत आणि बोलावण्याची वाट पाहत. आठ वर्षांनी पाँडिचेरीस जाण्याचे ठरले. त्या निघण्याच्या तयारीत असतानाच इन्फ्लुएंझाची साथ आली आणि डिसेंबर १९१८ मध्ये कलकत्त्यातच त्यांचे देहावसान झाले.